कोरड्या व्हायलची चौकशी

१

सोमवारी सकाळी निशिगंधाने कपाट उघडलं, वरच्या फळीवरची व्हायल उजेडाकडे धरली आणि ती तशीच उभी राहिली. शुक्रवारी त्या बोटभर उंचीच्या बाटलीत निम्म्यापर्यंत द्रव होता आणि तळाशी साखरेच्या दाण्यांएवढे स्फटिक चमकत होते. आता द्रव नव्हता. स्फटिकही नव्हते. रांगोळीसारखी चिमूटभर पांढरी पूड होती आणि झाकण सैल होतं.

सन दोन हजार, मे महिन्याची पंधरा तारीख. हैदराबादेत पारा बेचाळीसवर. दुपारपर्यंत दख्खन द्रव्यविज्ञान केंद्राच्या तिन्ही मजल्यांवर एकच वाक्य फिरत होतं, "पोरीनं झाकण नीट लावलं नाही, उन्हानं आटलं." संध्याकाळपर्यंत त्या वाक्याला शेपूट फुटलं, "मुळात त्यात काही होतं तरी का?"

शेपूट फुटायला कारण होतं. फेब्रुवारीत निशिगंधाने जस्ताचा क्षार आणि एक सेंद्रिय आम्ल डीएमएफ नावाच्या द्रावकात विरघळवून तीन दिवस ओव्हनमध्ये ठेवलं होतं. त्यातून एक सांगाडा तयार झाला. जस्ताच्या गाठी, आम्लाच्या काड्या आणि मधे नुसत्या रिकाम्या खोल्या. त्या खोल्यांत वायू साठवता येतो. तिच्या पदार्थात किती वायू मावतो याचा आकडा इतका मोठा आला की विभागप्रमुख डॉ. दत्तात्रय बिदरकरांनी तो तीनदा मोजायला लावला. मोजणीत बराचसा माल खर्ची पडला. एक परदेशी कंपनी बघायला आली, चहा आणि उस्मानिया बिस्किटं झाली. पाहुणे म्हणाले, छान, आता पुन्हा करून दाखवा.

आणि ते पुन्हा होईना. एप्रिलपासून अकरा वेळा केलं, अकरा वेळा पांढरा चिखल हाती आला. हे स्फटिक द्रवात बुडालेले असतील तोवरच टिकत, उघड्यावर कोरडे पडले की कोसळून त्यांची पूड होई. फेब्रुवारीची ही एक व्हायल तेवढी साक्षीला उरली होती. आता तीही गेली.

बिदरकरांनी नोटीस काढली. पंधरा दिवसांत खुलासा झाला नाही तर संशोधक म्हणून नोंदणी रद्द, आणि कारणाच्या रकान्यात दोन शब्द, 'बनावट निरीक्षणे'. त्या दोन शब्दांनंतर देशातल्या कुठल्याच प्रयोगशाळेचं दार तिला उघडणार नव्हतं. निशिगंधाचे वडील उदगीरकडची शेती सोडून अफझलगंजात भुसार मालाच्या दुकानात बसत. मुलगी डॉक्टर होणार, पण सुईवाली नाही, हे समजावता समजावता त्यांची पाच वर्षं गेली होती.

चौकशी घरातल्या घरात व्हावी म्हणून बिदरकरांनी इंदुमती धारूरकरांना बोलावलं.

२

इंदुमतीबाई केंद्राच्या एक्स-रे विभागात एकतीस वर्षं होत्या. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन त्या चिक्कडपल्लीत राहत होत्या. वकिलांच्या घराण्यातल्या, त्यामुळे प्रश्न विचारायची सवय रक्तातच होती. एक्स-रेने स्फटिकाच्या आत कोण कुठे बसलंय ते शोधायचं, हे काम त्यांनी इतकं केलं होतं की माणसांकडेही त्या तशाच बघत.

"इंदुमतीबाई, गुंतागुंत काही नाही हो," बिदरकर पंख्याखाली रुमालाने मान पुसत म्हणाले. "पोरगी हुशार आहे, पण घाईची. एक आकडा चुकून मोठा आला असेल, मग कबूल करायला लाज वाटली. तुम्ही पाच ओळी लिहा. उष्म्यामुळे नमुना नष्ट, दावा सिद्ध होत नाही."

"पाच ओळीच हव्या होत्या तर टंकलेखकाला बोलवायचं."

बिदरकर हसले. "आता जमाना बदललाय. बाहेरच्या कंपन्या येतायत, त्यांना आपली शिस्त दिसली पाहिजे. उगादीच्या आधी मी सगळ्या जुन्या बाटल्या बाहेर काढल्या. आता सीलबंद, आयात केलेला माल. सूचना केदारची बरं का! तुमचाच चेला."

चेला दारातच भेटला. केदार, वय एकतीस, एक्स-रे विभागाचा सध्याचा प्रमुख. बाईंनीच घडवलेला. त्याने वाकून नमस्कार केला.

"बाई, अमेरिकेहून उत्तर आलं! ऑगस्टमध्ये जायचंय. तिथले प्राध्यापक लिहितात, तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावरच घेतलं म्हणे."

ते शिफारसपत्र बाईंनी मार्चमध्ये आबिड्सच्या मोठ्या पोस्टातून स्वतः टाकलं होतं. त्यातलं वाक्य त्यांना पाठ होतं, 'काहीही बिघडो, शेवटचा स्फटिक केदार वाया जाऊ देत नाही.'

"पेढे चौकशीनंतर," बाई म्हणाल्या. "आधी सांग, निशिगंधाच्या स्फटिकांचा एक्स-रे तू घेतला होतास ना? आत काय दिसलं?"

"घेतला होता, होळीच्या सुमारास. पण कामाचा नाही, बाई. दोन स्फटिक एकमेकांत शिरलेले, सगळा गोंधळ. अणूंचा नकाशा काढण्याइतकंही काही मिळालं नाही." त्याने हळहळून मान हलवली. "वाईट वाटतं हो तिचं."

निशिगंधा आपल्या टेबलापाशी बसली होती. डोळे सुजलेले, पण वही समोर उघडून ठेवलेली.

"मॅडम, मी झाकण घट्टच लावलं होतं. फिरवल्यावर उलटं करूनही बघते मी, दर वेळी."

बाईंनी चिमट्याने व्हायल उचलली. लेबलावर निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, 'नि-१४, १८ फेब्रुवारी'. अक्षर स्वच्छ, एक रेषही फुटलेली नव्हती.

"तारीख घातलीस, बरं केलंस. तारखेविना नमुना म्हणजे कचरा. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे घोकून घ्यायला लावायची. किल्ली कुणाकडे असते?"

"खिळ्याला टांगलेली असते. कपाट खरं तर धुळीपासून बंद ठेवायचं, चोरांपासून नाही."

बाईंनी तशीच एक रिकामी व्हायल मागितली, निम्म्यापर्यंत डीएमएफ भरलं आणि ती पिशवीत घालून घरी नेली. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, झाकण पूर्ण काढून ठेवली. पातळीपाशी पेन्सिलीने खूण केली. गच्चीवर शेजारच्या सत्यवतम्मा पापड वाळवत होत्या. त्यांनी विचारलं, "एमिटंडी हे? औषध का?"

"साक्षीदार आहे," बाई म्हणाल्या.

दोन दिवस आणि दोन रात्री गेल्या. पापड कडकडीत वाळले. व्हायलमधली पातळी पेन्सिलीच्या खुणेखाली दोऱ्याच्या जाडीएवढी उतरली होती.

शुक्रवारी सकाळी बाईंनी ती व्हायल बिदरकरांच्या टेबलावर ठेवली.

"डीएमएफ आहे हे, स्पिरिट नव्हे. दीडशे अंशांच्या वर उकळतं. तुमच्या उन्हाला ते दोन दिवसांत दाद देत नाही. ती व्हायल आटलेली नाही, बिदरकर. कुणीतरी ओतून रिकामी केलीय."

३

"तर मग लक्ष्मणराव," बिदरकर लगेच म्हणाले. "शनिवारी साफसफाईला तोच होता. धांदरट आहे. सांडलं असेल आणि भीतीने गप्प बसला असेल."

लक्ष्मणराव प्रयोगशाळेचे मदतनीस. भालकीकडचे, निवृत्तीला सात महिने उरलेले. मागच्या अंगाला ऊर्ध्वपातनाची खोली होती, तिथे ते बसलेले सापडले. भिंतीला पंधरा-वीस बाटल्या. बाईंची नजर आधी त्यांच्या लेबलांवर गेली. एकूण एक लेबल वरून खाली ओघळलेलं, शाई पसरलेली.

बाईंनी मनात एक नाव खोडलं. शिकलेला रसायनशास्त्रज्ञ बाटली धरताना लेबल तळहाताकडे घेतो, म्हणजे ओघळ आला तरी लेबलावर येत नाही. अकरावीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला हे शिकवतात आणि मग ते हाताला मरेपर्यंत सुटत नाही. लक्ष्मणरावांना ते कुणी शिकवलं नव्हतं. डीएमएफचा एक थेंब बॉलपेनची शाई पुसायला पुरतो, आणि निशिगंधाच्या लेबलावर अक्षरन् अक्षर शाबूत होतं. ज्याने ओतलं त्याचा हात शिकलेला होता.

"लक्ष्मणराव, तुम्ही सांडलं नाही हे मला माहीत आहे," बाईंनी सुरुवातच तिथून केली.

म्हाताऱ्याने हुश्श केलं. "हौ बाईसाहेब. सगळे मलाच पाहायलेत. सात महिने ऱ्हायले माझे, मी कायकू हात लावू?"

"मला वेगळंच विचारायचंय. फेब्रुवारीत निशिगंधाने जे डीएमएफ वापरलं ते कुठलं? वहीत तिने परदेशी कंपनीचं नाव लिहिलंय, पण तो माल तर एप्रिलमध्ये आला."

लक्ष्मणराव चपापले. मग दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "बाटली फॉरेनची. माल आपला."

"म्हणजे?"

"आता तुमच्यापासून काय लपवायचं? चांगली बाटली फेकत नसतेत. ब्याण्णवसाली एक डब्बा आला होता फॉरेनचा, त्याच्याच बाटल्या मी भरतो. वरल्या मजल्यावर औषधाचं काम चालतंय ना, त्यांचं वापरलेलं डीएमएफ खाली आणतो, उकळून साफ करतो, भरतो. आठ वर्षं सगळ्यांनी तेच वापरलंय. साहेबांनी बी. लेबल वाचतेत अन् वहीत लिहितेत."

बाई स्टुलावर बसल्या. आठ वर्षं या विभागाच्या सगळ्या वह्यांत एक खोटं नाव शुद्ध अक्षरात लिहिलं जात होतं, आणि लिहिणारा प्रत्येक जण खरं बोलत होता.

"वरच्या मजल्यावर काय बनवतात?"

"ते मला काय समजतंय? पण त्या डीएमएफला वास ऱ्हायचा. सुकटीवानी. कितीबी उकळा, जायचा नाही." त्यांनी नाक मुरडलं. "तुम्ही दुसरे विचारणारे. होळीनंतर केदारसाहेब आले होते. वर काय काय वापरतेत, यादीच घेऊन गेले."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पुष्कळ वेळ पुसला.

"लक्ष्मणराव, उगादीला सगळ्या जुन्या बाटल्या फेकल्या म्हणतात. सगळ्या?"

लक्ष्मणरावांनी मोरीखालचं पोतं बाजूला केलं. मागे एक तपकिरी बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली.

"एक ठिवली. फेकू वाटंना."

४

निशिगंधाने बाराव्यांदा तोच प्रयोग लावला. तेच जस्त, तेच आम्ल, तेच ओव्हन. द्रावक मात्र पोत्यामागच्या बाटलीतलं. तीन दिवसांनी, सोमवारी दुपारी, तिने काचेतून आत पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. तळाशी साखर पडल्यासारखे स्फटिक होते.

"मॅडम, म्हणजे मी खोटं बोलले नव्हते," ती म्हणाली. स्वतःलाच सांगितल्यासारखं.

"तुला शंका होती?"

"अकरा वेळा चिखल बघितल्यावर होते हो शंका. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, की तो आकडा मी स्वप्नात पाहिला."

बाईंना हे सगळ्यात जास्त लागलं. चोरी एक वेळ समजते. पण कुणाला स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडायला लावायचं, याला काय म्हणायचं?

वरच्या मजल्यावर जाऊन त्यांनी यादी पाहिली. अकरा रसायनं. त्यातलं एकच असं होतं की जे जस्ताला धरून बसतं, डीएमएफच्या जवळपास उकळतं म्हणून उकळून वेगळं होत नाही, आणि सुकटीसारखं घाण मारतं. पिकोलीन. सहा अणूंचं कडं आणि बाहेर एक शेपूट. त्याची थेंबभर भेसळ होती म्हणून सांगाडा उभा राहत होता. आयात केलेला शुद्ध माल आला आणि सांगाडा कोसळला.

आता उरला एकच प्रश्न, आणि बाईंना तो विचारावासा वाटत नव्हता. पिकोलीन सांगाड्यात बसलंय हे निशिगंधाला माहीत नव्हतं, बिदरकरांना नव्हतं, लक्ष्मणरावांना तर नाहीच. ते कळायला एकच वाट होती. एक्स-रेचा नकाशा काढायचा आणि त्यात कड्याला फुटलेलं शेपूट पाहायचं. ज्याला नकाशाच मिळाला नाही, तो माणूस वरच्या मजल्यावरची यादी मागायला कशाला जाईल?

५

एक्स-रेची खोली केंद्रात सर्वात थंड. केदार यंत्राशी बसला होता. बाईंनी आत येऊन दार लोटलं.

"तुझी पेटी दे."

"कुठली, बाई?"

"मी दिलेली."

सागवानी पेटी होती, आत हिरवी मखमल. निवृत्तीच्या दिवशी बाईंनी ती त्याला दिली होती. वरच्या कप्प्यात पितळी अवजारं. खाली चोरकप्पा होता, आणि तो उघडायची युक्ती जगात दोघांनाच माहीत होती. केदार जागचा उठला नाही. बाईंनीच पेटी पुढे ओढून चोरकप्पा उघडला.

कप्प्यात मातीच्या गोळीत रोवलेली केसाएवढी बारीक काचेची नळी होती. दोन्ही टोकं ज्योतीवर वितळवून बंद केलेली. आत द्रवाचा एक थेंब आणि थेंबात एक स्फटिक. बाईंनी तो दिव्यापुढे धरला. एकही तडा नाही. कडा सुरीसारख्या. नळीला इवलीशी चिठ्ठी होती, केदारच्या अक्षरात, 'नि-१४, १३ मे'.

तेरा मे म्हणजे शनिवार.

"मला खात्री होती," बाई म्हणाल्या. "ओतणारा तू असशील तर सगळे मारणार नाहीस. एक ठेवशील. तारीखही घालशील. मीच शिकवलं ना."

"बाई, तो टाकायचा म्हणून तीनदा हातात घेतला." केदार यंत्राकडे बघत म्हणाला. "नाही जमलं."

"पोरीला बुडवायला जमलं?"

"तिची नोंदणी जाईल असं मला वाटलं नव्हतं. आकडा चुकला म्हणून सोडून देतील, एवढंच. मग शुद्ध डीएमएफमध्ये मोजून पिकोलीन घातलं की तोच सांगाडा पुढे आला असता. माझा म्हणून."

"तुझा?"

केदार पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे बघून बोलला. "नकाशात शेपूट कुणी पाहिलं? ते पिकोलीन आहे हे कुणी ओळखलं? ती तर लेबल वाचून स्वयंपाक करत होती. पण शोधनिबंध तिच्या नावावर, खाली बिदरकर, आणि शेवटी बारीक टायपात 'एक्स-रे साहाय्याबद्दल आभार'. बाई, तुमचे असे आभार किती निबंधांत आहेत? मी मोजलेत. त्र्याण्णव. लेखक म्हणून नाव किती ठिकाणी? चार. त्या आभारांत मला मरायचं नव्हतं."

यंत्राचा पंखा घोंघावत होता. त्र्याण्णवचा आकडा बरोबर होता. त्यांनीही एकदा मोजला होता.

"हे तू बोलून दाखवायचं होतंस," त्या शेवटी म्हणाल्या. "तिच्याशी, माझ्याशी. भांडायचं होतंस. नाव मागून घ्यायचं होतंस."

"तुम्ही मागितलंत कधी?"

बाईंनी नळी रुमालात गुंडाळली आणि त्या बाहेर पडल्या.

६

बिदरकरांनी नळी पाहिली, चिठ्ठी वाचली, बाराव्या प्रयोगाची व्हायल पाहिली. मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी दीर्घ श्वास सोडला. बाईंना वाटलं, दुःखाचा. तो सुटकेचा होता.

"म्हणजे पदार्थ खरा आहे तर. छान झालं. कंपनीला आजच कळवतो."

"आणि केदार?"

"केदारने गेल्याच आठवड्यात मला एक मसुदा दिला होता. पिकोलीन वापरून नवी कृती. पेटंटचा अर्ज परवा गेला." ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "मला कुठे माहीत होतं हा तोच पदार्थ म्हणून? आता अर्जावरचं केदारचं नाव बदलायचं म्हटलं की कंपनी विचारणार, का? मग चोरी, मग चौकशी, मग ते उठून दुसरीकडे जाणार. इंदुमतीबाई, दहा वर्षांनी दार उघडलंय, ते आपल्याच हाताने लावायचं का?"

"तिचं नाव?"

"नोटीस मागे घेतो. आजच. बनावट वगैरे काही नाही. पीएचडी होईल तिची. फक्त कृती छापायची नाही, अर्ज मंजूर होईस्तोवर. गुप्तता असते ना."

"म्हणजे तिने खरं केलं, हे सगळ्यांना माहीत असेल. काय केलं ते तिला सांगता येणार नाही."

"तुम्ही वकिलांच्या घरच्या. तुम्हाला शब्दांत कोण हरवणार?"

बाईंनी अहवाल दिला. पाच ओळींचा नाही, चौदा पानांचा. डीएमएफचा उत्कलनबिंदू, लेबलाची शाई, लक्ष्मणरावांची बाटली, तेरा मे ही तारीख आणि ती लिहिणाऱ्याचं नाव, सगळं क्रमवार. बिदरकरांनी पोच सही करून दिली आणि अहवाल कपाटात ठेवला. त्या कपाटाची किल्ली मात्र खिळ्याला टांगलेली नव्हती.

निशिगंधाला बाईंनी सगळं सांगितलं, अर्जावरच्या नावासकट. ती व्हऱ्हांड्यात उभी राहून ऐकत होती. मग तिने विचारलं, "पण मॅडम, मला खोटारडी म्हणणार नाहीत ना आता?"

"नाही."

"मग झालं." ती हसली, अगदी मनापासून. "बाबांना आजच सांगते दुकानात जाऊन."

भरधाव जिना उतरणाऱ्या त्या पोरीकडे बाई पाहत राहिल्या. इतक्या थोडक्यावर खूश होणारी माणसं लुटायला फार सोपी असतात, आणि वय साठीला टेकलं की हे आपल्याविषयीच आहे हे लक्षात येतं.

केदार ऑगस्टमध्ये गेला. जाण्याआधी चिक्कडपल्लीला आला होता. बाईंनी दार उघडलं नाही. पेढ्यांचा पुडा सत्यवतम्मांनी घेतला.

त्या दुपारी बाईंनी लोखंडी पेटीतून शिफारसपत्राची कार्बन प्रत काढली. अमेरिकेतल्या प्राध्यापकांना लिहून पत्र मागे घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मागे घ्यायचं तर त्यात काय खोटं आहे ते दाखवावं लागणार, म्हणून लाल पेन्सील घेऊन त्या वाचायला बसल्या. कष्टाळू. बरोबर. बारीक नजरेचा. बरोबर. शेवटचा स्फटिक वाया जाऊ देत नाही.

तासाभराने त्यांनी पेन्सील खाली ठेवली. सबंध पत्रात एकही वाक्य खोटं नव्हतं.